थोरली पहिल्या वर्षाला

थोरलीने ठरवलं होतं की सगळ्यांची जेवणं झाली, सासऱ्यांचं, म्हणजे दादांचं, पोट भरलं, की शांतपणे सांगायचं. शब्दही जुळवून ठेवले होते. पण टेबल दारात अडकलं आणि सगळंच बिनसलं.

दवाखान्यासाठी आणलेलं नवं तपासणीचं टेबल होतं ते. जुन्याचा एक पाय गेली कित्येक वर्षं पुठ्ठ्याच्या घडीवर उभा होता, आणि पेशंट कुशीवर वळला की करकरायचं. दादांनी स्वतः दुकानात जाऊन नवं पसंत केलं, आणि ते बसवायचं तर घरच्याच माणसांनी, असा हुकूम काढला. सासऱ्यांचा कामगारांवर विश्वास नव्हता. मुलांवर होता असंही नाही, पण मुलांवर ओरडता येत होतं.

म्हणून रविवारी सकाळी दवाखाना बंद ठेवून सगळे जमले. पेशंटच्या बाकावर डबे आणि फळांची पिशवी, खिडकीत चहाचा थर्मास, आणि आतल्या खोलीच्या दारात ते टेबल, निम्मं आत, निम्मं बाहेर. बाहेरच्या बाजूने थोरलीचा नवरा धरून होता. शाळेत गणित शिकवायचा, त्यामुळे बायकोसकट सगळं घर त्याला मास्तर म्हणे. आतल्या बाजूने धाकटे भाऊजी, मोठ्या हॉस्पिटलातले नावाजलेले फिजिशियन. ज्यांच्या मागे वॉर्डात दहा जण हात बांधून चालतात, ते आत्ता चौकट आणि टेबल यांच्यामध्ये चेपले गेले होते.

"तिरकं करा," दादा खुर्चीतून म्हणाले.

"तिरकंच आहे दादा," भाऊजी म्हणाले.

"मग जास्त तिरकं करा. कोन साधायचा कोन! मास्तर, तू काय शिकवतोस रे पोरांना?"

"पोरं दारात टेबल नाही अडकवत," मास्तर म्हणाला.

दादा खुशीत होते. आपला दवाखाना नव्या टेबलाने सजणार म्हणून त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. थोरलीकडे वळून, अगदी कौतुकाने, ते म्हणाले, "दणकट आहे. तुला रिटायर होईपर्यंत पुरेल बघ. माझ्यामागे तू, आणि तुझ्यामागे हे टेबल!"

एवढ्या प्रेमाने बोललेलं ऐकून घेऊन गप्प बसणं तिला जमलं नाही.

"दादा, मी इथे नसणार आहे."

"म्हणजे? जेवायला थांबणार नाहीस?"

"दवाखान्यात नसणार. मला बालरोगाच्या ट्रेनिंगला घेतलंय. मुलांच्या हॉस्पिटलात. शुक्रवारी फोन आला. उद्या सकाळी हो किंवा नाही कळवायचंय."

दारात टेबल थरथरायला लागलं, कारण दोघा भावांनी ते अजून उचलूनच धरलं होतं.

"वहिनी," आतून भाऊजींचा दबलेला आवाज आला, "ही बातमी टेबल खाली ठेवल्यावर नसती का देता आली?"

जाऊबाई तेवढ्यात फस्सकन हसली. ती पॅथॉलॉजिस्ट. "माझे पेशंट काचपट्टीवर असतात, उलट बोलत नाहीत," असं ती नेहमी म्हणायची, आणि त्याची भरपाई म्हणून घरात सर्वांशी उलट बोलायची. "घ्या! या घरात कुणीतरी काहीतरी नवीन केलं एकदाचं. वहिनी, मी तुमच्या बाजूने."

"आधी टेबल!" मास्तर ओरडला. मग जो काही जोर लागला त्याने टेबल आत गेलं, चौकटीच्या रंगाचा एक पापुद्रा घेऊन.

दादा मात्र जागचे हलले नाहीत. "तू चव्वेचाळीस वर्षांची आहेस," ते म्हणाले.

"हो."

"अठरा वर्षं डॉक्टर आहेस. या भागात तुला ओळखत नाही असं एक घर नाही. आणि आता तू शाळेत जाणार?"

"शिकायला जाणार, दादा."

भाऊजी हात पुसत बाहेर आले. त्यांचा स्वभाव असा की समोर भांडण असलं तरी ते आधी त्याचं निदान करणार. खुर्ची ओढून ते थोरलीसमोर बसले. "वहिनी, तुम्हाला शिकायचंय ना? उत्तम. मग मोठ्यांच्या मेडिसिनला या. तिथे तुमची अठरा वर्षं थोडीतरी धरतील, एखादं वर्ष वाचेल. मुलांकडे काहीच धरत नाहीत. तिथे तुम्ही अगदी पहिल्या वर्षाला. तीन वर्षं पाया. वॉर्ड, नवजात कक्ष, इमर्जन्सी, दर काही महिन्यांनी नवी जागा, नवा बॉस. मग लेखी परीक्षा. मग खरंखुरं मूल समोर ठेवून तोंडी. ती झाली तर वरची आणखी तीन वर्षं. तेव्हा कुठे बालरोगतज्ज्ञ. अगदी सरळ गेलं, तरीही पन्नाशी उलटेल तुमची."

"पन्नाशीचं काय घेऊन बसलास?" मास्तर म्हणाला. "मी काहीही न शिकता करून दाखवली."

थोरलीला हसू आलं. नवऱ्याचा तिला आधार होता तो असा, बोलण्यातून कधी दिसायचा नाही, मध्येच कोपर लागल्यासारखा जाणवायचा. अर्ज केला तेव्हा फक्त त्यालाच सांगितलं होतं. मुलगा शिकायला बाहेरगावी गेल्यापासून घर रिकामं झालं होतं, आणि संध्याकाळी ती जेवणाच्या टेबलावर पुस्तकं पसरून बसली की हा समोर पेपर तपासत बसायचा आणि मधूनच विचारायचा, "तुझ्याकडे किती नापास?"

"पण का?" दादांनी विचारलं. रागाने नाही, आणि तेच अवघड होतं. "इथे निम्मी मुलंच येतात तुझ्याकडे. तुला मुलं हवीत तर मुलंच आहेत की."

थोरलीने जुळवून ठेवलेले शब्द आठवून पाहिले. एकही आठवेना. मग जे होतं तेच तिने सांगितलं.

"त्या बसड्रायव्हरची मुलगी, दादा. दोन महिन्यांची आणली होती. धापा टाकत होती. मी तिला घेऊन स्वतः हॉस्पिटलात गेले, गाडीत मांडीवर धरून. दारात तिथल्या डॉक्टरांनी तिला माझ्या हातातून घेतलं आणि दार लावून घेतलं. बरोबरच केलं त्यांनी. ती वाचली. आता दवाखान्यात येते आणि माझा स्टेथोस्कोप ओढते. पण त्या दारापलीकडे त्यांनी काय केलं, कोणत्या क्रमाने केलं, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. अठरा वर्षं मी मुलांना त्या दारापर्यंत नेतेय. मला एकदा आत जायचंय."

दादांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "आणि दवाखाना?"

याच प्रश्नापाशी थोरलीचीही गाडी रोज रात्री अडत होती.

"मी हा दवाखाना मुलाच्या भरवशावर नाही सोडला," दादा म्हणाले. "एक गणितात गेला, एक एवढा मोठा झाला की त्याला इथलं छत लागतं. सुनेच्या भरवशावर सोडला. तू आलीस म्हणून मी घरी बसलो."

भाऊजींनी खरंच वर छताकडे पाहिलं. थोरलीने चहाच्या थर्मासचं झाकण उघडलं आणि परत लावलं.

मग दादांच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला. "चिमणीला बसू दे इथे! तिची परीक्षा झालीच आहे. पास झाली की संध्याकाळी दवाखाना तिचा."

चिमणी म्हणजे भाऊजींची मुलगी. बालरोगाच्या ट्रेनिंगच्या तिसऱ्या वर्षाला, त्याच मुलांच्या हॉस्पिटलात. सकाळपासून ती कोपऱ्यात औषधांचं कपाट पुसत होती, पुसलेलंच परत पुसत होती.

जाऊबाईने पक्ष बदलला तो या क्षणी. "माझी मुलगी? सहा वर्षांचं ट्रेनिंग अर्ध्यावर आणून इथे खोकल्याची औषधं द्यायला? वहिनी, हे काही बरोबर नाही हं. तुम्ही जायचं ठरवलंत आणि भुर्दंड माझ्या पोरीला."

"अगं, मी कुठे म्हटलं? दादा म्हणाले."

"तुम्ही जाताय म्हणून म्हणाले!"

"आत्ता तर तू माझ्या बाजूने होतीस."

"तेव्हा मला पूर्ण माहिती नव्हती!"

"सॅम्पल अपुरं होतं," मास्तर हळूच म्हणाला, आणि भावजयीने त्याच्याकडे असं पाहिलं की तो डबे उघडायला उठला.

थोरलीने मदतीसाठी चिमणीकडे पाहिलं. ही पोर याच दवाखान्यात वाढलेली. आईबाप दोघं हॉस्पिटलात, त्यामुळे शाळा सुटली की दप्तर घेऊन इथे, काकूच्या टेबलाखाली बसून गृहपाठ. डॉक्टर झाली तेव्हा पहिला फोन तिने काकूला केला होता. बाकी कोणी नाही तरी ही आपल्या बाजूने असणार, हे थोरलीने गृहीतच धरलं होतं. उलट तिला मजा वाटत होती, की आता ही आपली सीनियर होणार.

"चिमणे, तू तरी सांग यांना."

चिमणीने फडकं खाली ठेवलं. "काकूने तिथे येऊ नये," ती म्हणाली. "मला नकोय." आणि ती आतल्या खोलीत निघून गेली.

तोंडात मारल्यासारखं झालं थोरलीला. भाऊजी उठायला लागले तशी थोरलीने हातानेच त्यांना बसवलं आणि ती आत गेली.

चिमणी नव्या टेबलावर चढून बसली होती, पाय हलवत, दहा वर्षांची असल्यासारखी. टेबलावरचा प्लास्टिकचा कागद अजून काढला नव्हता, तो तिच्याखाली चुरचुरत होता.

"मी काही चुकले का गं?" थोरलीने विचारलं.

"तू नाही."

"मग मी आलेली का नको? तुला मला ओरडायला लागेल म्हणून? ओरड की. मला चालेल. मी तुला पाढ्यांवरून किती ओरडलेय."

"तू तिथे आलीस की तुला कळेल."

"काय कळेल?"

चिमणीने ओठ चावला. "की मी तिथे कशी आहे ते. इथे सगळे म्हणतात चिमणी हुशार, चिमणी बापासारखी. तिथे मी कपडे ठेवायच्या खोलीत जाऊन रडते, काकू. आणि..." ती थांबली. "निकाल लागलाय. मंगळवारीच. लेखीत तर आधीच पास झालेय. तोंडीला नापास. मी कुणालाच सांगितलं नाही. तू तिथे आलीस तर पहिल्याच दिवशी कुणीतरी तुला सांगेलच."

थोरलीने घाई केली नाही. तीही टेबलावर चढून तिच्या शेजारी बसली. कागद पुन्हा चुरचुरला.

"मंगळवारपासून एकटीच घेऊन फिरतेस हे?"

चिमणीने मान हलवली.

"जेवलीस का नीट?"

हा प्रश्न तिला अपेक्षित नव्हता. ती एकदम हसली आणि हसता हसता रडायला लागली, आणि थोरलीने तिला जवळ घेतलं. जरा वेळाने चिमणी म्हणाली, "बाबांना कसं सांगू? ते स्वतः परीक्षक आहेत, मोठ्यांकडचे. त्यांना नापास म्हणजे काय हे फक्त टेबलाच्या दुसऱ्या बाजूने माहितीय."

"सांगायचं की नाही ते तूच ठरव. मी तोंड उघडणार नाही. पण सांगणार असशील तर आत्ता सांग. आज ते माझ्यावर चिडलेत. तुझ्या वाट्याला कमी येईल."

"तू मला तुझ्यामागे लपवतेस?"

"मग? एवढी जाड झालेय ती उगीच?"

बाहेर आल्या तेव्हा मास्तरने ताटल्या मांडल्या होत्या आणि कुणीच खात नव्हतं. चिमणीने उभ्या उभ्याच सांगून टाकलं, एका दमात, जणू वॉर्डात पेशंटची माहिती देतेय.

थोरली भाऊजींकडे बघत होती. त्यांच्या चेहऱ्यावर आधी बाप आला. काहीतरी बोलणार होते. पण त्यांच्याआधी दादा बोलले.

"केस काय होती?"

"आजोबा?"

"कोणतं मूल दिलं होतं तुला? वय काय?"

"तीन वर्षं," चिमणी म्हणाली. "मुलगा. वजन वाढत नाही म्हणून."

"हृदय?" भाऊजींच्या तोंडून निघून गेलं. त्यांच्यातला बाप एक पाऊल मागे सरला आणि डॉक्टर पुढे आला. "हृदयाचीच असणार. आवाज होता?"

"तेच तर! मी आत गेले, हात धुतले, स्टेथोस्कोप लावला आणि त्याने भोकाड पसरलं. शेवटपर्यंत थांबला नाही. मला रडण्याशिवाय काही ऐकू आलं नाही. मग मी घाबरले आणि म्हटलं, आवाज नाही."

"आणि होता," जाऊबाई म्हणाली.

"दाराबाहेर उभ्या असलेल्या शिपायालाही ऐकू आला असता एवढा होता."

दादा काठी टेकून उठले. त्यांच्या डोळ्यांत असं काही चमकत होतं जे थोरलीने पाच वर्षांत, ते घरी बसल्यापासून, पाहिलं नव्हतं. "टेबलाचा कागद काढा," ते म्हणाले. "आत्ताच्या आत्ता परत घेऊ परीक्षा. परीक्षक मी आणि हा. मूल पाहिजे. मास्तर, झोप."

"मी?" मास्तरच्या हातात भाताचा डाव होता.

"बाकी सगळे डॉक्टर आहेत. निरोगी तू एकटाच."

"पण मी तीन वर्षांचा?"

"वागण्यात फार फरक नाही," त्याची बायको म्हणाली.

मास्तर टेबलावर बसला. त्याचे पाय खाली लोंबत होते, डोकं दिव्याला लागत होतं. आई कोण, यावर वाद झाला नाही. जाऊबाईने लगेच त्याच्या शेजारी उभं राहून त्याचा कान धरला. "माझं बाळ काही खात नाही हो डॉक्टर."

"तुम्ही आधी," भाऊजी थोरलीला म्हणाले. "शाळेत जायचंय ना? या."

थोरलीला क्षणभर वाटलं हा टोमणा आहे. मग त्यांच्याकडे पाहिलं तर ते बाह्या दुमडत होते. ते खरंच खेळात उतरले होते.

ती छोटं स्टूल ओढून दूरच बसली. मास्तरकडे पाहिलंच नाही. त्याच्या बुटाशी बोलायला लागली. "हा बूट कुणाचा? याची नाडी सुटलीय वाटतं. कुणी बांधली होती?" मास्तरने भूमिकेत शिरून "मीईई" केलं. बोलता बोलता ती त्याची छाती पाहत होती, श्वास मोजत होती. मग स्टेथोस्कोप जाऊबाईच्या हाताला लावला. "आईचा हात काय म्हणतो? काही म्हणत नाही. आता बुटाचं ऐकू." बूट झाला, गुडघा झाला, आणि गुडघ्यावरून तो कधी छातीवर आला ते मास्तरलाही कळलं नाही.

"मी रडायचं होतं का?" त्याने विचारलं. "विसरलोच."

चिमणी टक लावून पाहत होती. "मी आधी हात लावला," ती पुटपुटली. "मी आधी नुसतं बघायला हवं होतं."

"आवाज मिळाला," भाऊजी परीक्षकाच्या आवाजात म्हणाले. "डावीकडे, खालच्या बाजूला, मोठा, खरखरीत. निदान?"

"हृदयातल्या पडद्याला छिद्र असावं."

"छान. लहान की मोठं? कशावरून ठरवाल? आणखी काय तपासाल?"

थोरलीने तोंड उघडलं. डोक्यात कुठेतरी होतं ते, फार पूर्वी वाचलेलं. पण हाताशी येईना. अठरा वर्षांच्या सवयीने जे उत्तर येतं तेच आलं. "हॉस्पिटलला पाठवीन."

सगळे हसले. दादाही. चिमणी मात्र स्टुलापाशी येऊन उभी राहिली.

"काकू, आता तूच हॉस्पिटल आहेस. आता कुठे पाठवशील?"

त्या प्रश्नावर थोरलीचं हसणं थांबलं. खरंच की. तिच्या मागे आता दुसरं दार नसणार होतं. भीती वाटली, आणि भीतीच्या मागोमाग असा आनंद की तो लपवता येईना.

"कुठेच नाही," ती म्हणाली. "तू शिकव."

आणि चिमणीने शिकवलं. मास्तरला आडवं करून तिने काकूचा हात धरला आणि बरगड्यांच्या खाली ठेवला. "इथे यकृत. बोटांनी खालून वर ये, घाई करू नकोस. सुजलेलं असेल तर हृदय थकलंय समज. आईला विचार, खाताना दमतो का, घाम येतो का. आणि आवाज मोठा म्हणजे छिद्र मोठं, असं नाही. उलट असतं बऱ्याचदा. छोट्या भोकातून रक्त जोरात जातं म्हणून आवाज मोठा. मोठ्या भोकाचा आवाज कधीकधी कमीच. म्हणून आवाज ऐकून खूश व्हायचं नाही, मूल बघायचं." ती बोलत होती आणि हाताने हवेत हृदय काढत होती, आणि थोरलीला ते आवडायला लागलं होतं, समजायलाही.

"गुदगुल्या होतात," मास्तर म्हणाला.

"पेशंटने गप्प बसायचं."

भाऊजी खिडकीला टेकून उभे होते. मुलगी बोलायची थांबली तेव्हा म्हणाले, "हे तू तोंडीत बोललीस?"

"नाही. तोवर मी घाबरले होते."

"मग परत देशील तेव्हा बोल." एवढंच म्हणाले. पण जवळ जाऊन त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, अवघडल्यासारखा, मोठ्या वयाचा पेशंट तपासल्यासारखा, आणि काढायला विसरले.

"मूल आधी कसं शांत करायचं ते काकूकडून शीक," जाऊबाई म्हणाली, "आणि वहिनी, तुम्ही बाकीचं हिच्याकडून. दोघींनी मिळून एक डॉक्टर होतो. मी परत तुमच्या बाजूने, हं."

"नोंद घेतली," थोरली म्हणाली.

"पण वॉर्डात मला चिमणे म्हणायचं नाही," चिमणी डोळे पुसत म्हणाली.

"नाही गं चिमणे."

जेवणं झाली. भात गार झाला होता, पण कुणाला त्याचं काही नव्हतं. दादा शेवटचा घास संपवून म्हणाले, "हे सगळं ठीक. पण माझ्या प्रश्नाचं उत्तर कुणी दिलंच नाही."

थोरलीने उत्तर शोधलं होतं, बरंचसं. "एका तरुण डॉक्टरशी बोललेय मी. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ बसायला तयार आहे, चांगली आहे मुलगी. फक्त शनिवारी तिला जमत नाही. आणि शनिवारी तर सगळ्यात गर्दी."

"शनिवारी मी बसतो," भाऊजी म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनाही आपण काय बोललो ते जरा उशिराच कळलं असावं. "का? मी डॉक्टर नाही?"

"तू शेवटची सर्दी कधी पाहिलीस?" दादांनी विचारलं.

भाऊजी विचारात पडले. "माझ्याकडे येईपर्यंत तिचा न्यूमोनिया झालेला असतो."

"मग जमायचं नाही तुला."

"दादा, मी विभागप्रमुख आहे!"

"तेच म्हणतोय." दादांनी काठीने खुर्ची जवळ ओढली. "बरं. बसशील. पण सुरुवातीचे काही महिने मी शेजारी बसणार. मी सांगेन तसं करायचं. पहिल्या वर्षाला एक नाही, दोघं जण असं समज."

आणि थोरलीकडे न बघता, टेबलाच्या पायाकडे बघत, ते म्हणाले, "तू जा. उद्या सकाळी कळव त्यांना. दुपारी नको, सकाळीच. नाहीतर दुसऱ्या कुणाला घेतील."

तिने वाकून त्यांच्या हाताला हात लावला.

मग आवराआवर चालली असताना दार ढकलून एक बाई आत आली, कडेवर बाळ. बाळाचं नाक वाहत होतं. "बाई, बंद आहे का आज? नुसतं नाकच आहे, पण रात्रभर झोपला नाही."

थोरली सवयीने उठली. दादांच्या काठीने तिचा रस्ता अडवला. "तू बस."

ती पेशंटच्या बाकावर, डब्यांच्या शेजारी बसली. हात मांडीखाली दाबून ठेवले, कारण ते आपोआप पुढे जात होते. भाऊजींनी बाळाला नव्या टेबलावर ठेवलं. बाळाने भोवतीच्या माणसांकडे पाहिलं आणि रडायच्या तयारीने ओठ काढला.

"कधीपासून?" भाऊजींनी गंभीरपणे सुरुवात केली. "घरात कुणाला हृदयविकार? बाळाच्या आजोबांना? आईच्या बाजूचे, वडिलांच्या बाजूचे? बाळाला आधी कधी कावीळ?"

बाई गोंधळून थोरलीकडे पाहायला लागली. थोरलीने ओठ घट्ट मिटले. चिमणी मास्तरच्या पाठीमागे तोंड लपवून हसत होती.

"आधी बूट," थोरली शेवटी कुजबुजली. "भाऊजी, बुटाशी बोला."

भाऊजी खाली वाकले, हॉस्पिटलातल्या दहा जणांनी कधी पाहिले नसतील एवढे, आणि बाळाच्या इवल्याशा बुटाला म्हणाले, "हा कुणाचा?" बाळाने त्यांच्याकडे निरखून पाहिलं आणि त्यांच्या शर्टावर जोरात शिंकलं.

"हे कोण नवीन डॉक्टर आहेत का?" बाईने दादांना हळूच विचारलं.

"हो," दादा म्हणाले. "आजच लागलाय. जरा सांभाळून घ्या."